शेपटीवरचं अक्षर

एइला कोस्केला सत्तावीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवायची.
निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात गॅरेजात आली,
हातमोजे न काढताच म्हणाली,
दोन बॉक्सस्टर हेरून ठेवल्यात, एकाच वर्षाच्या.
वरून मी बघितल्या. खालून तू बघ.

थंडर बेचा एप्रिल.
तळ्यावर बर्फ अजून तडकत होता,
रस्त्यांवर हिवाळाभर फेकलेलं मीठ
गाड्यांच्या पोटात मुरत होतं
लोणच्याच्या खारासारखं.

पहिली साधी.
सीट हातानं ओढायची, पाठ हातानं फिरवायची,
गाणी ऐकायला एक रडका रेडिओ.
दुसरी तीच, तोच निळा रंग,
फक्त शेपटीला एक अक्षर जास्त: एस.
मोठं इंजिन, लाल कॅलिपर,
बुडाला ऊब देणाऱ्या सीटा,
आणि त्या अक्षराचे वर सहा हजार डॉलर.
अख्ख्या मुळाक्षरांत
इतकं महाग अक्षर मी पाहिलेलं नाही.

तिचा भाचा वेइको मध्येच बोलला,
खरा चालवणारा साधीच घेतो, मावशी,
बाकी सगळा दागदागिना.
तो स्वतः बापाचा पिकअप चालवतो.

लिफ्टवर चढवली की गाडीची प्रतिष्ठा संपते.
खालून अक्षर दिसत नाही.
साधीचं पोट स्वच्छ होतं,
दर ऑक्टोबरात कुणीतरी तेल फासलेलं,
नट सैल करायला गेलो
तर शहाण्या मुलासारखा सुटला.
एसच्या ब्रेकच्या नळ्यांना खवले धरलेले,
पुढच्या रेडिएटरांत तीन पानगळींचा चिवडा,
एका बोल्टचं डोकं माझ्या हातातच आलं.
मी कागदावर आकडे मांडले, खाली रेघ ओढली.
साधी घे, म्हटलं. उरलेल्या पैशात टायर घे,
आणि फ्लोरिडाला जाऊन ये.

तिनं कागद घडी करून खिशात ठेवला.
म्हणाली, चल, एकदा बसून बघू.

एसचा मालक लुसियन देरोझिए, दातांचा डॉक्टर,
दाराशी उभा राहून सांगत होता,
ही सीट माणूस लक्षात ठेवते.
पहिलं बटण दाबलं:
सीट मागे गेली, रेलली, डॉक्टरएवढी लांब झाली,
आणि एइला तिच्यात बुडाली.
दुसरं त्यानं दाबलं नाही. तिनंच दाबलं.
सीट घरघरत पुढे सरकली,
वर आली, पाठ ताठ झाली,
दोन्ही आरसे
कुणा ठेंगण्या बाईच्या नजरेला झुकले.

डॉक्टर अंगणातल्या बर्फाकडे बघत म्हणाला,
ती आता विनिपेगला असते.

एइला हलली नाही.
बसमध्ये तिच्या बुडाखाली दोन उशा असायच्या,
पाठीला घडी घातलेली घोंगडी,
पाय क्लचला पोचावा म्हणून
तळाला लाकूड लावलेले बूट.
ते बूट मीच दोनदा खिळे ठोकून दुरुस्त केलेत.
आता तिचं पाऊल सपाट पॅडलवर होतं,
गुडघा किंचित वाकलेला,
मनगटं स्टिअरिंगच्या माथ्यावर.

गाडी सुरूही केली नाही तिनं.
हीच, म्हणाली.

नळ्या? मी म्हटलं.
बदल.
रेडिएटर?
धू.

वेइकोनं परतीच्या वाटेवर तोंड उघडलं नाही,
फक्त एकदा विचारलं, इंजिन तरी ऐकायचं होतंस.

मे महिन्यात गाडी आठवडाभर माझ्याकडे होती.
नळ्या बदलायच्या तर बॅटरीची तार काढावी लागते.
पुस्तकात लिहिलंय की सीट काही विसरत नाही.
पुस्तकावर माझा तसा विश्वास आहे.
तरी तार सोडण्याआधी
शेजारी दुसरी बॅटरी मांडली,
चिमटे लावले, दोनदा ओढून बघितले,
आणि बिलात ते धरलं नाही.